सोळा कोअरचा पीसी घेतला, तरी काम तेवढाच वेळ का खातं?

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या कारखान्यांतले, शिवाय शहरातल्या काही ऑफिसांतले संगणक मी सांभाळतो. एक तक्रार वर्षभर नव्या नव्या तोंडून येत राहते. जुना पीसी चार कोअरचा होता (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), आता सोळा कोअरचा घेतला, पैसेही चांगले मोजले. पण डिझाईन उघडायला, एक्सेल हलायला, महिनाअखेरचा रिपोर्ट निघायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. मग प्रश्न येतो: मशीन खराब निघालं का?

मशीन बहुधा चांगलंच असतं. पण अडलंय कुठे हे न बघताच कुणी रॅम वाढवतं, कुणी विंडोज नव्यानं टाकतं, कुणी दुकानदाराशी भांडून प्रोसेसर बदलून घेतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून कारण शोधायची पद्धत इथे सविस्तर लिहितोय. बहुतेक तपासण्या विंडोजमध्येच होतात, खर्च काही नाही.

आधी एक भागाकार

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' असे दोन आकडे दिसतात. आपल्याला दुसरा हवा. लॉजिकल प्रोसेसर म्हणजे विंडोजला एका वेळी काम देता येईल अशा जागा, अनेक प्रोसेसरमध्ये एका कोअरच्या दोन मोजतात. १०० ला त्या आकड्यानं भागा. लॉजिकल प्रोसेसर १६ असतील तर उत्तर सव्वासहा, २४ असतील तर चारच्या थोडं वर, ३२ असतील तर तीनच्या थोडं वर.

आता जे काम रखडतं ते सुरू करा आणि 'डिटेल्स'मध्ये त्या प्रोग्रॅमसमोरचा सीपीयूचा आकडा अर्धा-एक मिनिट बघत राहा. ३२ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर तिथे '०३' येऊन तसाच ठाम बसला, तर प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या एकाच रांगेवर, चाललाय. म्हणजे एक कोअर जीव तोडून काम करतोय आणि बाकीच्यांपर्यंत काम पोचतच नाहीये. '०३' बघून बहुतेक लोक म्हणतात, सीपीयू तर रिकामाच आहे, मग दोष दुसरीकडे असणार. इथेच तपासाची दिशा चुकते. त्या प्रोग्रॅमच्या दृष्टीनं सीपीयू पूर्ण भरलेला आहे.

ग्राफवर राईट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरची वेगळी चौकट दाखवता येते. एक चौकट भरलेली आणि बाकीच्या रिकाम्या दिसतील अशी आपली अपेक्षा असते, पण तसं चित्र नेहमी दिसत नाही. विंडोज एकच थ्रेड कधी या कोअरवर तर कधी त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे तीन-चार चौकटी अर्धवट भरलेल्या दिसतात आणि काम वाटलं गेलंय असा भास होतो. चित्रापेक्षा भागाकारावर भरवसा ठेवा. आणखी खात्री हवी असेल तर मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस एक्सप्लोरर' घ्या. प्रोग्रॅमच्या नावावर डबल क्लिक करून 'थ्रेड्स'मध्ये गेलं की कोणता थ्रेड किती सीपीयू घेतो ते ओळीनं दिसतं.

इथून पुढचा तपास त्या आकड्यावर अवलंबून आहे. तो भागाकाराइतकाच आहे, त्याहून खाली आहे, की मधेच कुठेतरी अडकलाय?

आकडा भागाकाराइतकाच आला तर

सातपूरच्या एका टूलरूमचं उदाहरण घेतो. काम प्लास्टिक मोल्डच्या, म्हणजे साच्यांच्या, डिझाईनचं, मशीन १६ कोअर आणि ३२ लॉजिकल प्रोसेसरचं. मॉडेलमधलं अगदी सुरुवातीचं एक माप बदललं की पूर्ण मॉडेल रिबिल्ड, म्हणजे पहिल्यापासून पुन्हा तयार, व्हायला लागायचं, आणि मालक म्हणायचे, "दादा, जुन्या मशीनवर चहा पिऊन यायचो, आताही चहा पिऊनच येतो." डिटेल्समधला आकडा तीनवरून हलत नव्हता.

असं का होतं, ते त्यांच्याच फीचर ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बनलं त्या यादीत, दिसलं. आधी स्केच, त्यावरून एक्सट्रूड (स्केचला जाडी देणं), त्यात पॉकेट (खळगा), पॉकेटच्या भिंतींना ड्राफ्ट (थोडा उतार), शेवटी कडांना फिलेट (गोलाई). ज्या कडेवर फिलेट बसायचं ती कड ड्राफ्टचं गणित संपल्याशिवाय तयारच होत नाही. ड्राफ्टला पॉकेटची भिंत लागते, पॉकेटला एक्सट्रूड लागतो. ही साखळी सोळा जणांत वाटून देता येत नाही, कारण दुसऱ्याचं काम पहिल्याच्या उत्तरावरून सुरू होतं. म्हणून मॉडेल रिबिल्ड करण्याचं काम जवळपास सगळ्याच सॉलिड मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये मुख्यतः एका कोअरवर चालतं. यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आळस नाही, कामाचा स्वभावच तसा आहे.

उपाय मॉडेलमध्ये आहे. जे फीचर आता बदलणार नाहीत ते गोठवून टाका. फिलेट काम सुरू असेपर्यंत बंद ठेवा आणि शेवटी चालू करा. बाहेरून आणलेल्या बोल्टवर खरे आटे कोरलेले असतात, ते काढून टाका. दिसायला क्षुल्लक वाटतं, पण एकेका बोल्टच्या आट्यांचं गणित मोठं असतं आणि असेंब्लीत असे बोल्ट शंभर असू शकतात. एकाच फाईलमध्ये सगळा मोल्ड कोंबू नका, प्लेटांच्या वेगळ्या फाईल करा. त्या टूलरूममध्ये फरक पडला तो एवढ्यावरच, हार्डवेअरला हातही लावला नाही.

त्यांचे सोळा कोअर वाया गेले असं मात्र नाही. मोल्डमध्ये प्लास्टिक कसं भरेल याचं सिम्युलेशन, रेंडरिंग, आणि कॅममध्ये (मशीनवरच्या कटिंगची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकमेकांवर अवलंबून नसलेले टूलपाथ, म्हणजे कटरचे मार्ग, ही कामं छान वाटली जातात. अनेक कॅम सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथचं गणित मागे चालू ठेवून पुढचा ऑपरेशन लावता येतो. ती सोय बंद असेल तर चालू करा. ड्रॉइंगचा गठ्ठा पीडीएफ करायचा असेल आणि लायसन्स परवानगी देत असेल, तर प्रोग्रॅम दोनदा उघडून गठ्ठा दोघांत वाटा. एक काम अनेक कोअरवर पसरत नसेल, तरी अनेक कामं अनेक कोअरवर नक्की पसरतात.

एक्सेलची गोष्ट थोडी वेगळी. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेल फॉर्म्युल्यांचं गणित अनेक थ्रेडवर करतं. 'ऑप्शन्स'मधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये, फॉर्म्युल्यांच्या भागात 'मल्टि-थ्रेडेड कॅल्क्युलेशन'ची खूण आहे का बघा. कुणीतरी कधीतरी काढून टाकलेली असते. खूण असूनही फाईल रेंगाळत असेल तर फॉर्म्युले बघा. 'इनडायरेक्ट', 'गेटपिव्हटडेटा' आणि व्हीबीएमध्ये (एक्सेलच्या मॅक्रोच्या भाषेत) स्वतः लिहिलेली फंक्शन्स अनेक थ्रेडवर चालत नाहीत. त्यातही 'इनडायरेक्ट' वाईट, कारण शीटमध्ये कुठेही काही बदललं की ते पुन्हा मोजलं जातं. द्राक्षांच्या गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या एका ऑफिसात प्रत्येक बागाईतदाराचं वेगळं शीट होतं आणि मुख्य शीटमध्ये नाव टाकलं की 'इनडायरेक्ट' त्याच्या शीटवरून आकडे आणायचं. सगळा डेटा एका टेबलात घेऊन 'सम-इफ्स' लावलं आणि फाईल मोकळी झाली. चालू शिल्लकेचा कॉलम ही दुसरी जागा. प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या शिल्लकेवर उभी असते, त्यामुळे तिथेही फीचर ट्रीसारखीच साखळी तयार होते. हजारो ओळी असतील तर महिन्याची फाईल वेगळी करा.

आकडा भागाकारापेक्षा बराच खाली असेल तर

मग सीपीयूचा प्रश्नच नाही. प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघत बसलाय: हार्ड डिस्कची, नेटवर्कवरच्या फाईलची, लायसन्स सर्व्हरची, किंवा दुसऱ्या युजरनं अडकवून ठेवलेल्या नोंदीची. 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये डिस्क आणि नेटवर्क बघा. फाईल सर्व्हरवर असेल तर तीच फाईल स्वतःच्या डेस्कटॉपवर कॉपी करून उघडून बघा. वेळ एकदम कमी झाला तर कारण नेटवर्कमध्ये आहे. अँटिव्हायरस प्रत्येक छोटी फाईल उघडताना तपासत असेल, तर डिझाईनच्या फोल्डरला त्यातून सूट देता येते, पण बाहेरून आलेल्या फाईल आधी तपासूनच त्या फोल्डरमध्ये टाका.

आकडा २५ किंवा ५० वर अडकला तर

आकडा वर चढतो पण एका ठरावीक जागी भिंत लागल्यासारखा थांबतो, तेव्हा कुठल्या तरी सेटिंगनं किंवा लायसन्सनं कोअर अडवलेले असतात. हा प्रकार छोट्या कारखान्यांत मला सगळ्यात जास्त भेटतो, आणि यात पैसाही सगळ्यात जास्त वाया जातो.

ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार नोंदवणारं सॉफ्टवेअर) किंवा बिलिंगच्या अनेक सॉफ्टवेअरमागे एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची मोफत एक्सप्रेस आवृत्ती असते. तिला जास्तीत जास्त एक सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) किंवा चार कोअर, यातलं जे कमी असेल ते वापरता येतं. डेटा मेमरीत धरून ठेवायलाही सुमारे १,४१० एमबीच मिळते. म्हणजे १६ कोअरचा, ६४ जीबी रॅमचा सर्व्हर आणला तरी डेटाबेस चार कोअर आणि दीड जीबीच्या आतच राहणार. आकडा २५ च्या जवळ थबकतो तो यामुळे. मर्यादा लपवलेली नाही, मायक्रोसॉफ्टनं ती स्पष्ट लिहिलेली आहे. पण सर्व्हर विकणारा आणि सॉफ्टवेअर विकणारा वेगवेगळे असतात, आणि ग्राहकाला हे सांगायचं दोघांच्याही मनात येत नाही.

त्यावर दुसरी अडचण व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाची. मशीन तयार करताना 'आठ प्रोसेसर' द्यायचे म्हणून कुणीतरी आठ सॉकेट आणि प्रत्येकात एक कोअर असं लावून ठेवतं. विंडोज होम एकच सॉकेट वापरते, प्रो दोन. त्यामुळे प्रोला आठातले दोनच दिसतात. आणि त्यावर एसक्यूएल एक्सप्रेस असेल तर तिला एक सॉकेट म्हणजे इथे एकच कोअर मिळतो. एक सॉकेट आणि त्यात आठ कोअर असं लावलं की दोन्ही प्रश्न सुटतात. यासाठी व्हर्च्युअल मशीन बंद करून फक्त एक सेटिंग बदलायची असते. खात्रीसाठी एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग उघडा. सुरुवातीच्या ओळींतच त्याला किती सॉकेट आणि कोअर सापडले आणि लायसन्सनुसार किती वापरणार आहे, ते लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट 'एमएसकॉन्फिग'ची, म्हणजे विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅमची. बूटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर खूण करून मोठा आकडा निवडा, पीसी वेगात पळेल, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर फिरतात. तसं काहीही होत नाही. ती खूण नसते तेव्हा विंडोज सगळेच प्रोसेसर वापरते. ती सोय प्रोसेसर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. जुन्या मशीनवर कुणी तिथे ४ निवडून ठेवलं असेल आणि तीच डिस्क नव्या मशीनला लावली, तर नवं मशीनही चारवरच अडून बसतं. खूण काढा आणि रिस्टार्ट करा.

सगळे कोअर कामाला लागतात, तरी वेग मिळत नाही

इथे पहिला संशय उष्णतेवर घ्या. टास्क मॅनेजरमध्ये 'बेस स्पीड' आणि त्या क्षणाचा 'स्पीड' शेजारीशेजारी दिसतात. जड काम सुरू करा, सुरुवातीचा स्पीड लिहून घ्या, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा. तो बेस स्पीडच्याही खाली गेला असेल तर प्रोसेसर बहुधा तापून स्वतःला आवरतोय. अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचले की ते आपणहून वेग कमी करतात. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडमधली केबिन त्याहून तापते, आणि पीसीचं खोकं टेबलाखाली भिंतीला चिकटून ठेवलेलं असतं.

अंबडच्या ग्राइंडिंग शॉपमध्ये याला आणखी एक बाजू असते. कूलंटचा तेलकट धूर हवेत असतो. त्यावर ग्राइंडिंगची बारीक धूळ बसून हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये काळा, चिकट थर तयार होतो. ब्लोअर मारला की वरची सुटी धूळ उडते आणि साफ झाल्याचं समाधान मिळतं, पण पात्यांच्या मधला थर तसाच राहतो. हीटसिंक उतरवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पाती साफ करून, नवी थर्मल पेस्ट लावूनच बसवावा लागतो. धुळीमुळे नुसता कचरा साठत नाही, त्यात लोखंडाचे कणही असतात आणि ते मदरबोर्डवर जाणं धोक्याचं, हे मालकांना आवर्जून सांगत जा. मशीन शॉपमधला पीसी शक्यतो काचेच्या केबिनमध्येच हवा.

उलटा प्रकारही दिसतो: स्पीड बेसच्या वर कधी जातच नाही. मशीन गरम होऊ नये म्हणून कुणीतरी पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केलेली असते. त्या एका टक्क्यानं टर्बो, म्हणजे गरज पडली की वेग बेसच्या वर नेणारी सोय, बंद पडतो.

दुसरा संशय रॅमच्या पट्ट्यांवर. टास्क मॅनेजरच्या 'मेमरी'मध्ये 'स्लॉट्स यूज्ड'समोर '१ ऑफ ४' असेल तर तिथेच थांबा. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. १६ कोअर एकदम मागायला लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला १.६ जीबी. एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर हा आकडा दुप्पट होतो. ३२ जीबीची एक घेण्याऐवजी १६ जीबीच्या दोन घ्या. सिम्युलेशन आणि मोठ्या फोटोंची कामं करणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो.

आणि २०२१ नंतरच्या इंटेलच्या अनेक मशीनवर मोठे (वेगवान) आणि छोटे (वीज वाचवणारे) कोअर मिसळलेले असतात. रेंडर लावून खिडकी मिनिमाईझ केली की काम मंदावतं, समोर ठेवली की पळतं, अशी तक्रार त्यातूनच येते. मागे गेलेलं काम कमी महत्त्वाचं समजून विंडोज ते छोट्या कोअरकडे ढकलू शकते. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. अशा प्रोसेसरवर विंडोज १० पेक्षा ११ बरी, कारण कोणतं काम कोणत्या कोअरला द्यावं याची प्रोसेसरकडून येणारी सूचना ११ ला नीट समजते.

हे दुखणं पुन्हा पुन्हा का येतं

१९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचे प्रोसेसर बाजारात आले. सात वर्षांत पंधरापट. त्या काळात जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकलं की ते आपोआप पळायचं, प्रोग्रॅमरला काही करावं लागत नव्हतं. ही सवय आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरली आहे.

ते दिवस २००४-०५ च्या सुमारास संपले. पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ठरलेली ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती इंटेलनं रद्द केली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होतील तसा व्होल्टेजही उतरवता येईल आणि तेवढ्याच जागेतली उष्णता वाढणार नाही. ट्रान्झिस्टर पुढेही लहान होत गेले, पण विजेची गळती वाढल्यामुळे व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना. वेग वाढवला की चिप भाजून निघायची. मग जास्तीचे ट्रान्झिस्टर दुसरा कोअर बसवायला वापरले गेले. आयबीएमच्या पॉवर४ या प्रोसेसरनं २००१ मध्ये दोन कोअर एका चिपवर आणले होतेच, २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनी ते डेस्कटॉपवर आणले. २०२३ च्या इंटेल कोअर आय९-१४९००के मध्ये २४ कोअर आहेत आणि कमाल वेग ६ गिगाहर्ट्झ. एकोणीस वर्षांत कोअर चोवीसपट झाले, गिगाहर्ट्झमधला वेग दुप्पटही नाही. एका कोअरची ताकद चांगल्या रचनेमुळे बरीच वाढली हे खरं, पण पूर्वीची ती झेप परत आली नाही.

संगणक अभियंते जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच काम अनेक प्रोसेसरांत वाटण्याची मर्यादा दाखवून दिली होती. एक काम दहा मिनिटांचं आहे, त्यातली दोन मिनिटं साखळीची आहेत आणि आठ मिनिटं वाटून देता येतात असं धरा. १६ कोअरवर ती आठ मिनिटं अर्ध्या मिनिटावर येतात, एकूण अडीच मिनिटं. कोअर दुप्पट करून ३२ केले तर सव्वादोन मिनिटं. प्रोसेसरचे पैसे वाढले आणि वाचले पंधरा सेकंद. कितीही कोअर आणले तरी दोन मिनिटांच्या खाली जाता येत नाही. पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर कितीही वाढवले, तरी भुईकाटा एकच असेल तर रांग काट्यावरच लागणार, तसंच हे.

पुढच्या काळात कोअर वाढतच जाणार, त्याबद्दल मला शंका नाही. २०२४ मध्ये एएमडीनं सर्व्हरसाठी १९२ कोअरचा प्रोसेसर आणला. चिप एकसंध न बनवता तुकडे जोडून बनवतात, त्यामुळे कोअर वाढवणं सोपं झालंय. ग्राफिक्स आणि एआयसाठी वेगळे भाग त्यातच येतायत. म्हणजे पीसीच्या खोक्यावरचा आकडा आणि सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरतं तो आकडा, यातलं अंतर आणखी वाढणार. सॉफ्टवेअर बदललं नाही तर ही तक्रारही वाढणार.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये कारखान्यांसाठी छोटी सॉफ्टवेअर लिहिणारी बरीच मुलं आहेत, त्यांच्यासाठी हा भाग.

समांतर, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणारा, प्रोग्रॅम लिहायला तुम्ही कचरता, आणि ते कारणाशिवाय नाही. गोदामात १०० नग आहेत. दोन थ्रेड एकाच वेळी तो आकडा वाचतात. एक १० वजा करून ९० लिहितो, दुसरा ५ वजा करून ९५ लिहितो. असायला हवे होते ८५, शिल्लक दाखवली ९५. असा घोळ रोज होत नाही, दोघे नेमके त्याच क्षणी आले तरच होतो, म्हणून चाचणीत सापडत नाही आणि मार्चअखेर स्टॉक जुळत नाही. मग घाबरून सगळ्यावर एकच मोठं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावलं जातं, आणि सोळा थ्रेड पुन्हा एका रांगेत उभे राहतात.

याला उत्तर म्हणजे आधी काम वाटा, मग थ्रेड. प्रत्येक थ्रेडला त्याच्या वाट्याचा डेटा द्या, त्याचं उत्तर त्याच्याकडेच राहू द्या, आणि शेवटी एकदाच बेरीज करा. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तेव्हा ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जोडून, प्रत्येकाला त्याची स्वतःची मेमरी देऊन आणि एकमेकांना निरोप पाठवूनच काम करावं लागायचं. तेव्हाची ती शिस्त आज टेबलावरच्या पीसीलाही लागते.

पायथनमध्ये सीएनसीचे (संगणकानं चालणाऱ्या कटिंग मशीनचे) लॉग वाचणारा प्रोग्रॅम लिहून त्याला आठ थ्रेड दिले आणि वेळ तेवढाच राहिला, असं झालं असेल तर तो पायथनच्या ग्लोबल लॉकचा परिणाम. त्या लॉकमुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो. गणिताचं काम असेल तर 'मल्टिप्रोसेसिंग' वापरा. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत हे लॉक नसलेली आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला, पण तुमच्या लायब्ररी तिच्यावर चालतात का ते आधी तपासा.

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिणाऱ्यांनी एक जागा आवर्जून बघावी. प्रत्येक थ्रेडचा मोजणीचा आकडा एकाच ॲरेमध्ये शेजारीशेजारी ठेवला असेल तर थ्रेड वाढवल्यावर प्रोग्रॅम उलट मंदावू शकतो. नेहमीच्या प्रोसेसरमध्ये कॅशची (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची) एक ओळ ६४ बाइटची असते. आठ आकडे त्या एकाच ओळीत बसले की एका कोअरनं आपला आकडा बदलला तरी बाकीच्यांना पूर्ण ओळ नव्यानं आणावी लागते. आकड्यांमध्ये अंतर ठेवा किंवा प्रत्येक थ्रेडमध्ये स्थानिक बेरीज करा. कोडमध्ये दोन-तीन ओळींचा बदल, पण परिणाम मोठा.

आणि काम सारख्या तुकड्यांत आधीच वाटून टाकू नका. मोठे-छोटे कोअर मिसळलेल्या प्रोसेसरवर छोट्या कोअरचा तुकडा मागे राहतो आणि मोठे कोअर त्याची वाट बघत बसतात. लहान लहान तुकडे करा, जो मोकळा होईल त्याला पुढचा द्या.

नवं मशीन घ्यायच्या आधी

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात जाण्याआधी आपल्याच जुन्या मशीनवर तो भागाकार करून बघा. रोजचं काम एका थ्रेडवर चालत असेल तर सहा किंवा आठ कोअरचा, पण एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर घ्या. उरलेले पैसे दोन पट्ट्यांच्या रॅममध्ये आणि चांगल्या कूलरमध्ये घाला. व्हिडिओ, रेंडरिंग, सिम्युलेशन, ड्रोनचे फोटो जोडून नकाशा करणं, अशी कामं दिवसभर चालत असतील तर कोअरवर खर्च करा, तो वसूल होतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला सरळ विचारा: आमचं हे नेमकं काम किती कोअर वापरतं, आणि डेटाबेसच्या लायसन्समध्ये किती कोअर चालतात? उत्तर लेखी घ्या.

हे सगळं करूनही अडलं, तर प्रतिसादात पाच गोष्टी लिहा: प्रोग्रॅमचं नाव आणि रखडणारं नेमकं काम, लॉजिकल प्रोसेसरचा आकडा, त्या वेळचा डिटेल्समधला सीपीयूचा आकडा, सुरुवातीचा आणि पंधरा मिनिटांनंतरचा स्पीड, आणि रॅमचे किती स्लॉट भरले आहेत. व्हर्च्युअल मशीन असेल तर त्यात किती सॉकेट आणि किती कोअर दिलेत, तेही लिहा. एवढं असलं की बहुतेक वेळा मशीन न उघडता कारण सांगता येतं.